योगिताबद्दल कोणी लिहिलं?

जव्हार, १८ फेब्रुवारी २०२५

रमेश,

तुझ्या अहवालाच्या शेवटी माझी सात पत्रं जोडलेली आहेत, 'ज्ञात लेखनाचे नमुने' म्हणून. हे आठवं. हेही लावून घे. वर मायना नाही. चिरंजीव लिहायला हात वळला नाही आणि आशीर्वाद द्यायचं मन होत नाही.

आता माझी पत्रं तू एकटा वाचत नाहीस. तुझ्या कंपनीतले वाचतात, आमच्या संस्थेचे अध्यक्ष वाचतात, त्यांचा वकील वाचतो. तेव्हा तुला ठाऊक असलेलंही सविस्तर लिहिते, म्हणजे त्या मंडळींची गैरसोय नको. मी पुष्पलता, सूर्यमाळच्या वाटेवरच्या आश्रमशाळेत मराठी शिकवते. शिकवत होते. परवा निलंबनाचा कागद हातात पडला. तू याच शाळेत लहानाचा मोठा झालास. पुढे नाशिकला कॉलेजात गेलास, तिथे वसतिगृहात एकटा पडलास आणि शिकणं सोडून परत येतो म्हणायला लागलास. म्हणून मी तुला पत्रं लिहिली. आई तेव्हा राहिली नव्हती; ती असती आणि तिला लिहिता-वाचता येत असतं तर तिने लिहिली असती अशी लिहिली. ती तू जपून ठेवलीस हे ऐकून एके काळी माझा ऊर भरून आला असता.

तुझा अहवाल माझ्यासमोर आहे. त्यात लिहिलंय, 'लेखिका महत्त्वाचे विधान दोनदा करते.' खाली उदाहरण दिलंय: 'जेवून घेत जा. कितीही परीक्षा असली तरी आधी जेवून घेत जा.' अरे, तू उपाशी झोपतोस असं कळलं म्हणून मी ते लिहिलं होतं! तुझ्या पोटाची काळजी केली, ती तुझ्या तक्त्यात उदाहरण क्रमांक तीन झाली. वाचताना डोक्यात तिडीक गेली.

आणि हे सगळं कशासाठी, तर एक निनावी पत्र कोणी लिहिलं ते शोधण्यासाठी.

पत्रात काय होतं ते तुला पाठ असेल, शब्द शब्द मोजलायस. पण योगिता कोण होती हे तुझ्या अहवालात कुठेच नाही. तुझ्याच पाड्यातली पोर. गोमाची आणि ठकीची मुलगी, आठवीत होती. तू पहिल्यांदा नाशिकला निघालास तेव्हा तुझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन एसटीपर्यंत कोण आलं होतं? ठकी आली होती. तिची ही मुलगी जानेवारीत वसतिगृहात तापाने फणफणली. अधीक्षिका मीनाताईंनी गोळ्या दिल्या आणि गाडी मागितली. शाळेची गाडी अध्यक्षांच्या पाहुण्यांना घेऊन नाशिकला समारंभाला गेली होती. उद्या येईल, उद्या येईल करत पोरीला तसंच ठेवलं. आकडी आली तेव्हा कुणाची तरी जीप करून मोखाड्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. ती वाचली नाही.

संस्थेने वर काय कळवलं? मुलगी सुट्टीला घरी गेली होती, घरीच आजारी पडली, आजारी होऊनच परत आली. घरी! गोमा आणि ठकी दिवाळीपासून भिवंडीच्या वीटभट्टीवर आहेत. घराला कुलूप आहे. कोणत्या घरी गेली होती ती?

मग पालघरला आश्रमशाळांच्या मोठ्या साहेबांकडे ते पत्र गेलं. 'वसतिगृहात बाकी मुली बऱ्या आहेत. योगिता गेली. ती घरी आजारी पडली नाही. ती वसतिगृहात आजारी पडली, घरी नाही.' सही नाही. साहेब स्वतः येऊन मुलींशी बोलणार असं ठरलं. तेवढ्यात अध्यक्षांनी तुझी कंपनी गाठली. लिहिण्याच्या ढंगावरून माणूस ओळखून देतात म्हणे. आणि तू ओळखून दिलास. आता अध्यक्ष सांगत फिरताहेत की मुख्याध्यापकपद मिळालं नाही म्हणून नाराज असलेल्या शिक्षिकेचा हा खोडसाळपणा आहे. साहेबांचं येणं लांबलंय. अजून थोडे दिवस गेले की प्रकरण बंद होईल आणि योगिता कायमची घरीच आजारी पडलेली राहील.

ते पत्र मी लिहिलेलं नाही. हे विधान मुद्दाम एकदाच करते आहे.

पुष्पलता


जव्हार, ३ मार्च २०२५

रमेश,

तुझे फोन मी उचलले नाहीत आणि उचलणार नाही. फोनवर बोललेलं उद्या 'मी तसं म्हटलंच नव्हतं' होतं. तुझं कुरिअर मात्र मिळालं. चार पानं, टाइप केलेली, आणि खाली 'आपला विद्यार्थी'. तो शब्द काढून टाक.

तू म्हणतोस, कंपनीला काम आलं तेव्हा शाळेचं नाव वाचून तूच ते मागून घेतलंस. संस्थेने पाच शिक्षकांचं लिखाण पाठवलं होतं. माझे नुसते प्रगतिपुस्तकातले शेरे होते, तेवढ्यावर यंत्र चालत नाही. म्हणून अचूकतेसाठी तू पत्रं घातलीस. तुला वाटलं, बाईंनी लिहिलेलं नसणारच, पत्रं घातली की बाई सुटतील. घातली, आणि बाई अडकल्या. मग? मग तू काय केलंस? पत्रं परत काढून घेतलीस? कंपनीतल्या साहेबांना सांगितलंस की काहीतरी चुकतंय? गप्प बसलास. 'मी फक्त सर्वांत जवळचं कोण एवढंच सांगितलं, लेखक कोण हे सांगितलं नाही,' असं आता मला लिहितोस. काय साळसूदपणा! पाच जणांना रांगेत उभं करून यातला कोण असं विचारलं, तर कोणीतरी निघणारच. त्या रांगेत खरा माणूस आहे का, हे आधी नको विचारायला?

आता तुझी चूक सांगते. ही चूक तुझ्या पुण्याच्या साहेबांनी केली असती तर मी समजून घेतलं असतं, त्यांना कुठून माहीत असणार? पण तू केलीस.

आपल्या शाळेत चिठ्ठ्या कशा लिहितात ते आठव. दिवाळी झाली की आई-बाप भट्टीवर जातात, पोरं वसतिगृहात राहतात. भट्टीवर आता मोबाइल आहेत, पण वसतिगृहात मुलींना फोन मिळत नाही. म्हणून अजूनही चिठ्ठ्या जातात, मजुरांना नेणाऱ्या जीपमधून. तिथे त्या कोण वाचतं? ज्याला वाचता येतं असा एखादा, रात्रपाळीहून आलेला, मोठ्याने वाचतो आणि भोवती सगळा पाडा ऐकत बसतो. ट्रॅक्टर चालू असतात, तान्ही रडत असतात. ऐकणाऱ्याचा जीव आधी यात असतो की आपलं पोर बरं आहे का. म्हणून मी शिकवलं, आधी कोण बरं आहे ते लिहा, मग कोण आजारी आहे ते. आणि मुख्य गोष्ट दोनदा लिहा, एकदा गोंगाटात हरवली तर दुसऱ्यांदा कानावर पडेल. तुझ्या वेळेला शिकवलं, योगिताच्या वेळेला शिकवलं, हल्ली ज्या आहेत त्यांनाही शिकवलं. तुझी आई म्हणायची, रमेशची चिट्टी आली की दोनदा वाचायला सांगावं लागत नाय, त्यानेच दोनदा ल्हेलेला असतंय.

तुझ्या अहवालात याला 'लेखिकेचा व्यक्तिगत विशेष' म्हटलंय. माझा कसला? तो भट्टीवरच्या गोंगाटाचा विशेष आहे! माझ्या हाताखालून गेलेलं प्रत्येक पोर तसंच लिहितं. तू रांगेत पाच शिक्षक उभे केलेस आणि बाकीची सगळी शाळा बाहेर ठेवलीस. तुला वाटलं, मुली एवढं नीट कुठून लिहिणार. हे वाटलं की नाही, खरं सांग. तू याच शाळेतून गेलास आणि तुला असं वाटलं!

होय, मुलींनी लिहिलं. कोणत्या मुलींनी, ते मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. वाचल्याबरोबर मला कळलं, कोणतं वाक्य कोणाचं असेल तेही कळलं. ते माझ्याबरोबरच राहील. होळी झाली की बोहाडा बसेल, रात्रभर मुखवट्यांची सोंगं नाचतील. सोंग आलं की गावातल्या प्रत्येकाला चालण्यावरून कळतं आत कोण नाचतोय. पण त्याच्या तोंडावर मुखवटा आहे तोवर त्याला कोणी नावाने हाक मारतं का? तू लहान असताना एकदा ओरडला होतास, 'तो तर आमचा काका!' आणि गोमाने तुझ्या तोंडावर हात दाबला होता. ओळखणं वेगळं, नाव घेणं वेगळं. तू ओळखलंसही चुकीचं आणि नावही घेतलंस.

आता तुझ्या हातात आणखी एक माहिती आली आहे. ती अध्यक्षांना दिलीस तर बक्षीस मिळेल. द्यायची की नाही ते तू ठरव. मला तुझ्यावर विश्वास ठेवायचा नव्हता, पण तुझी चूक सांगायला दुसरा मार्ग सापडला नाही.

पुष्पलता


जव्हार, १७ मार्च २०२५

रमेश,

आज सुनावणी झाली. तारीख सोमवारची होती. रागाने माझं डोकं ठिकाणावर नाही, अक्षरही बघ कसं आलंय.

पालघरचे साहेब आले होते. माणूस वाईट वाटला नाही, पण त्यांच्यापुढे तुझा अहवाल होता, रंगीत आलेखांसकट. माझं नाव एका ठिपक्यावर आणि निनावी पत्र शेजारच्या ठिपक्यावर. ठिपके जवळ जवळ. अध्यक्ष त्यावर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, हे विज्ञान आहे." सगळ्या सभेने मान हलवली. विज्ञान आहे म्हटल्यावर कोण बोलणार?

ठकी आली होती. भट्टीवरून सुट्टी देईनात, तर मुकादमाशी भांडून आली. गोमा तिथेच राहिला, दोघांनी भट्टी सोडली तर परत कामावर घेत नाहीत. साहेबांनी तिला खुर्ची दिली, ती खालीच बसली.

साहेबांनी विचारलं, "मुलगी सुट्टीला घरी आली होती का?"

"कोनच्या घरी साहेब? आमी भट्टीवर व्हतो. दिवाळी झाली न गेलो. घराला कुलूप व्हता. कुलपाच्या आत पोर आजारी पडली का?"

अध्यक्ष मध्येच म्हणाले, "ठकी, हे बोलायला तुला कोणी शिकवलं?"

"पोर माझी गेली. मना कोन शिकवल?"

मग अध्यक्षांच्या वकिलाने तिला ते निनावी पत्र दाखवलं. हे कोणी लिहिलं, तुला ठाऊक आहे का, या पुष्पलताबाईंनी तुला येऊन काही सांगितलं का, असं सुरू केलं. एकच प्रश्न पाच तऱ्हांनी. ठकी ऐकत होती. शेवटी ती उठून उभी राहिली.

"मना वाचता नाय येत. तुमीच आता वाचून दाखवला. कोन ल्हेला, कोन ल्हेला, सकाळपासून त्याच चाललाय. त्यातला खोटा काय हाय ता सांगा ना! खोटा नसंल, तर कोनी का ल्हेलेला असंना!"

मला वाटलं, आता साहेब म्हणतील, बरोबर आहे, मुलींना बोलवा. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "बाई, पण हेतू बघावा लागतो." कसला हेतू! पोर तापाने मेली हे सांगण्यात कसला हेतू असतो?

नंतर अध्यक्षांनी मला व्हरांड्यात गाठलं. आवाज अगदी गोड. "बाई, लिहिलं म्हणा. भावनेच्या भरात झालं म्हणा. निवृत्तीला आलात, आम्हाला का तुमचं वाईट करायचंय? निलंबन मागे घेऊ. आणि नाही म्हणत असाल तर मग मुलीच राहिल्या. प्रत्येकीकडून पानभर लिहून घेऊ आणि पुण्याला पाठवू. तुमचा तो विद्यार्थी हुशार आहे."

तर आता माझ्यापुढे दोनच वाटा आहेत. मी लिहिलं असं खोटं कबूल केलं, तर मुली वाचतात, पण योगिताचं प्रकरण खोडसाळ ठरून संपतं. मी नाही म्हटलं, तर मुली सापडतात. सापडल्या की शाळेतून जाणार. शाळेतून गेल्या की भट्टीवर जाणार. आणि त्यांच्यानंतर वसतिगृहात कोणी तापाने पडलं तर लिहायची हिंमत कोणाला होईल?

तिसरी वाट तुझ्याकडे आहे. तू साहेबांना लिही. तुझ्या नावाने लिही, की तुझी पद्धत शिकवणारी आणि शिकणाऱ्या यांच्यात फरक करू शकत नाही. या अहवालावरून बाईंनीच पत्र लिहिलं असं म्हणता येत नाही. हे खरं आहे, तुला ते माझ्याहून चांगलं माहीत आहे. कंपनी रागावेल. रागावू दे.

ठकी जाताना तुझी चौकशी करून गेली. रमेशला आता पुण्याला मोठी नोकरी लागली ना, म्हणाली. अहवाल कोणाचा होता ते तिला मी सांगितलं नाही.

पुष्पलता


जव्हार, २५ मार्च २०२५

रमेश,

उत्तर नाही. ठीक आहे.

मी खोटं कबूल केलं नाही, म्हणून मुलींकडून लिहून घेतलं. विषय दिला, 'माझे वसतिगृह'. किती हौस बघ! सगळ्यांना प्रार्थनेच्या हॉलमध्ये बसवलं, मीनाताई दारात उभ्या. मीनाताईंना मी दोष देत नाही, गाडी मागणाऱ्या त्या एकट्याच होत्या, पण आता नोकरीच्या भीतीने त्यांनी तोंड शिवून घेतलंय. गठ्ठा कंपनीकडे रवाना झाला. तुझ्या टेबलावर येईल. त्यात कितीतरी पोरींनी आधी बऱ्या असलेल्यांची नावं लिहिली असतील आणि मुख्य गोष्ट दोनदा लिहिली असेल. बघशील, कसं तुझं यंत्र गोंधळतं. की गोंधळू नये म्हणून पुन्हा रांग लहान करून देतील तुला?

हौशी नावाची नववीतली मुलगी आहे. तिने कोरा कागद परत दिला. का नाही लिहिलंस, विचारलं तर म्हणाली, "ल्हेला का पुन्याला पाठवाल." या उद्धटपणाबद्दल तिला घरी पाठवलं. घरी म्हणजे कुठे, हे याही वेळेला कोणी विचारलं नाही. तिचे आई-वडील वसईकडे भट्टीवर आहेत. मोखाड्याच्या स्टँडवर पिशवी घेऊन बसलेली पोर आपल्या एसटीच्या कंडक्टरने ओळखली आणि माझ्याकडे आणून सोडली. आता ती माझ्या घरी आहे. सकाळी उठून अंगण झाडते, मी नको म्हणते तरी झाडते, फुकट राहायचं नाही म्हणून. दुपारी माझ्यासमोर बसून गणितं सोडवते. तिची वार्षिक परीक्षा जवळ आली आहे आणि तिला परीक्षेला बसू देतील की नाही ठाऊक नाही.

तिने मला विचारलं, "बाई, तो पुन्याचा मानूस आपल्या शाळेतला हाय, खरा का?"

मी म्हटलं, हो. ती गणित पुढे सोडवत बसली. रमेश, मला त्या क्षणी तुझी इतकी लाज वाटली की मी उठून आत गेले.

पुष्पलता


जव्हार, २ एप्रिल २०२५

रमेश,

आज साहेबांनी मला मोखाड्याच्या कचेरीत पुन्हा बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक नवीन पत्र होतं. टाइप केलेलं, सही नाही. पाकिटावर कल्याणचा शिक्का. पुण्याहून कल्याणला गेलास तेवढ्यासाठी? बराच विचार केलेला दिसतो.

साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. 'अहवालातले आकडे बरोबर आहेत. मोजणी बरोबर आहे. निष्कर्ष बरोबर नाही. एकाच शिक्षिकेकडे शिकलेल्यांचे लिखाण या पद्धतीने तिच्या लिखाणापासून वेगळे करता येत नाही. कितीही नमुने घेतले तरी वेगळे करता येत नाही.'

आधी बरं काय आहे ते. मग बिघडलंय काय ते. आणि मुख्य गोष्ट दोनदा. दुसरी ओळ संपायच्या आत मला कळलं. खरं सांगते, क्षणभर फार बरं वाटलं. पोरगा अजून आपल्यासारखा लिहितो, असं मनात आलं. एवढं होऊनही आलं.

पण ते सुख क्षणभरच. अध्यक्ष समोरच होते. ते हसले आणि म्हणाले, "साहेब, घ्या! पुन्हा बाईंचंच. तोच ढंग. आता स्वतःलाच स्वतः प्रमाणपत्र द्यायला लागल्या." आणि सगळ्यांना ते पटलं. का पटू नये? तुझ्याच अहवालाने पटवून दिलंय. तुझं पत्र माझ्या नावावर गेलं, रमेश. मला सोडवायला लिहिलंस आणि माझ्या गळ्यात आणखी एक निनावी पत्र बांधलंस.

साहेबांनी मला विचारलं, "बाई, हे तुम्ही लिहिलं नाही म्हणता. मग कोणाचं आहे? तुम्ही ओळखता का?"

मी म्हटलं, "नाही ओळखत."

खोटं बोलले. आयुष्यभर पोरांना खरं लिहायला शिकवलं आणि भर कचेरीत तोंड वर करून खोटं बोलले. मुलींचं नाव मी घेत नाही, कारण नाव घेतलं तर त्यांची शाळा सुटेल, कोणाचं शिक्षण सुटेल, कोणी मार खाईल. त्यांना नाव लपवण्याचा अधिकार आहे. तुला काय होणार आहे? कंपनीतला साहेब रागावेल. फार तर नोकरी बदलावी लागेल. तुझं शिक्षण तुझ्याकडे आहे, ते कोणी काढून घेत नाही. हौशीने समोर उभं राहून कोरा कागद दिला, सगळ्यांच्या देखत. ठकी भट्टी सोडून आली आणि स्वतःच्या तोंडाने बोलली. लिहिता-वाचता न येणारी बाई नावानिशी उभी राहिली, आणि तू कल्याणच्या पेटीत पत्र टाकून पळालास! हे मी तुला शिकवलेलं नाही.

साहेब शेवटी एक गोष्ट बोलले, ती नीट ऐक. ते म्हणाले, "या पत्रात तथ्य असेल तर मला अहवाल बाजूला ठेवून मुलींशी बोलता येईल. पण बिनसहीच्या कागदावर मी अहवाल बाजूला ठेवू शकत नाही." सोमवारी ते निर्णय देणार आहेत. निर्णय म्हणजे योगिता कुठे आजारी पडली त्याचा निर्णय.

त्यांच्याकडून मी तुझ्या पत्राची नक्कल मागून घेतली. ती सोबत आहे. दुसरं पाकीटही घातलंय, त्यावर साहेबांचा पत्ता लिहिलाय, तिकीट लावलंय. स्पीड पोस्टाने पाठवते, शुक्रवारी तुझ्या हातात पडेल. मजकूर बदलू नकोस, चांगला लिहिलायस. फक्त खाली नाव लिही, हुद्दा लिही आणि सही कर. आणि पाकीट पोस्टात टाकून मोकळा होऊ नकोस, सोमवारी वेळेवर पोहोचणार नाही. घेऊन ये. पुण्याहून नाशिक, नाशिकहून मोखाड्याची गाडी, तुला रस्ता माहीत आहे.

सोमवारी साहेब मला तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहेत. मी मुलींसाठी कितीही वेळा 'नाही ओळखत' म्हणेन. तुझ्यासाठी एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हणणार नाही. तू दारातून आत आलास तर तुझं नाव तू सांगशील. नाही आलास तर मी सांगेन. तुझं लिखाण ओळखायला मला यंत्र लागत नाही.

पुष्पलता